बूस्टचा डबा घेऊ का, ताई?

पत्र

ताई, नमस्कार. मी साताऱ्यात शाहूपुरीत राहतो, वय २९, एमआयडीसीत नोकरी. पाडव्याला इलेक्ट्रिक गाडी घेतली. पुढच्या चाकांवर चालणारी, ४५ युनिटची बॅटरी, कागदावर १०५ किलोवॅट, शून्य ते शंभर नऊ सेकंदांच्या आत. याआधी डिझेल हॅचबॅक होती, तिला रिमॅप केलं होतं, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली होती. ती गाडी काय पळायची! नवी गाडी चांगली आहे, सिग्नलवरून सुटताना मजा येते, पण ऐंशीच्या पुढं दम कमी वाटतो. आणि खरं सांगू का, हिच्यात हात घालायला काही जागाच नाही.

पुण्यातला एक जण बूस्ट मॉड्यूल लावून देतो म्हणतो. वीस टक्के पॉवर वाढते, पॅडलजवळच्या कपलरमध्ये (वायरच्या जोडणीत) अर्ध्या तासात बसतं, सर्व्हिसिंगला जाताना काढून ठेवायचं, कुणाला कळत नाही. सोबत १८ इंची अलॉय आणि टायर, गाडी दीड इंच खाली बसवणारे स्प्रिंग, परफॉर्मन्स ब्रेक पॅड. सगळं मिळून दीड लाख. भिशी लागलीय, त्यामुळं पैसे आहेत. वडील म्हणतात, नव्या गाडीला हात लावू नकोस. बायको म्हणते, आधी चार्जिंगचं नीट बघ (रात्री प्लग जरा गरम होतो, पण सकाळी गाडी फुल असते). आठवड्यातून दोन-तीन दिवस गाडी तिच्याकडं असते. पावसात यवतेश्वर घाटात वळणावरून उचलताना चाक घसरतं आणि पिवळा दिवा लुकलुकतो, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. तुमचं मत सांगा, फक्त 'हौस सोड' म्हणू नका.

बूस्टवाला, शाहूपुरी

उत्तर

प्रिय बूस्टवाल्या,

हौस सोड म्हणणार नाही. गाडी नुसती चालवून ज्याचं भागत नाही, बॉनेट उघडून बघितल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, अशी माणसं मला आवडतात. पण दीड लाखाच्या कोटेशनकडं वळण्याआधी तुझं कंसातलं वाक्य बाहेर काढू. प्लग गरम होतो. हे आज रात्रीच थांबायला हवं, बाकीचं सावकाश बोलू.

घरच्या सॉकेटवरून गाडी चार्ज होते तेव्हा तेरा-चौदा अँपिअर करंट सलग दहा-बारा तास वाहत असतो. गिझरही जवळपास तेवढाच करंट घेतो, पण तो पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. घरातल्या वायरिंगला इतकं लांब काम कधी पडलेलंच नसतं. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या असतील किंवा मागची वायर स्क्रूखाली नीट आवळलेली नसेल, तर त्या जागी थोडा रेझिस्टन्स तयार होतो. तो एक दशांश ओहम धरला तरी चौदा अँपिअरला तिथं सुमारे वीस वॅट उष्णता निघते. म्हणजे पेटवलेली सोल्डरिंग गन भिंतीत खोचून घरातल्यांनी झोपायला जाण्यासारखं आहे. आधी प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, आणि वास यायला लागेपर्यंत वायरचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं. सकाळी गाडी फुल असते म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नकोस. भिंत जळायला लागली तरी गाडी फुल होतच राहील.

वायरमनला बोलव आणि डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) गाडीसाठी वेगळी लाइन ओढून घे. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर, तिला स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि शेवटी चांगल्या कंपनीचा १६ अँपिअरचा नवा, घट्ट सॉकेट. मधे एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो आजच काढून टाक. अर्थिंग मीटर लावून मोजून घे. 'आहे की अर्थिंग' हे वायरमनचं तोंडी उत्तर चालणार नाही. आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात ठीक दिसलेला आकडा उन्हाळ्यात बिघडतो. पुढं ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) लावायचा असेल तर महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल आणि वायर ६ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड लागेल. हे सगळं होईपर्यंत चार्जिंगचा करंट सेटिंगमधून कमी करता येत असेल तर कमी कर, नाहीतर बाहेर चार्जरवर लाव. बायकोचं बरोबर आहे. हे कात्रण तिला दाखवायला माझी हरकत नाही.

आता तो डबा. त्याची जात तुझ्याच वाक्यात उघडी पडलीय: पॅडलजवळच्या कपलरमध्ये बसतं. तिथं जे बसतं त्याला थ्रॉटल कंट्रोलर म्हणतात. तुझ्या पॅडलच्या मागं केबल नाही, सेन्सर आहेत. पॅडल किती दाबलंय हे ते व्होल्टेजच्या रूपात गाडीच्या कंट्रोलरला सांगतात. डबा मधे बसून त्यांचं बोलणं फुगवून पुढं पाठवतो. तू तीस टक्के दाबलंस तर गाडीला साठ ऐकू येतं. साहजिकच गाडी झेपावते आणि तुला वाटतं, आली पॉवर. पण तू पॅडल शंभर टक्के दाबलंस तर डब्याला फुगवायला काही उरतच नाही. पूर्ण पॅडल दाबून शून्य ते शंभर मोजलंस तर डबा लावून आणि काढून वेळ तीच येईल. तुझ्या गाडीत स्पोर्ट मोड असेल तर तोही बराचसा हाच खेळ खेळतो, आणि तो किमतीत आलेला आहे.

इलेक्ट्रिक गाडीत या डब्याचा आणखी एक उपद्रव होतो, जो डिझेलमध्ये जाणवत नाही. हिच्यात पॅडल सोडताना मोटर उलट काम करते, वीज बॅटरीत परत जाते आणि गाडी मंदावते. म्हणजे त्याच पॅडलवर वेगही आहे आणि निम्मा ब्रेकही. कंपनीनं त्या पॅडलचा नकाशा महिनोन् महिने खपून बसवलेला असतो. डबा तो ताणतो. मग पोवई नाक्यावर रांगेत सरकताना गाडी गचके खाते, पसरणीच्या घाटात मागच्या सीटवरच्या माणसाच्या पोटात ढवळतं आणि ज्या दिवशी गाडी बायकोकडं असते त्या दिवशी तिच्या पायाखाली अनोळखी गाडी येते. शिवाय पॅडलमध्ये सुरक्षेसाठी दोन सेन्सर असतात आणि गाडीचा कंट्रोलर दोघांचं उत्तर जुळतंय का ते बघतो. डब्याच्या सैल कपलरमुळं ते जुळलं नाही तर गाडी ताकद तोडून लंगडत चालायला लागते. खंबाटकीच्या चढावर, मागं ट्रक असताना, हे नको.

खरोखर ताकद वाढवणारं काही असतं का? असतं, आणि तुझ्या डिझेलचा अनुभव तुला इथंच चकवतो. डिझेलच्या रिमॅपमध्ये टर्बोचा दाब आणि डिझेलचं प्रमाण वाढवतात. एकच इंजिन कंपनी बऱ्या-वाईट इंधनाच्या, थंड-गरम हवेच्या अनेक देशांत विकते, म्हणून ती हातचं बरंच राखून ठेवते. रिमॅपवाला त्या राखून ठेवलेल्यातलं काढून देतो. इलेक्ट्रिक गाडीत सुरुवातीचा जोर इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागाच्या) करंटवर ठरतो आणि वरची ताकद बहुतेक वेळा बॅटरीवर. महिंद्राच्या बीई ६ चं उदाहरण घे. ५९ युनिटच्या पॅकवर तिची ताकद १७० किलोवॅट, ७९ युनिटच्या पॅकवर २१०, टॉर्क (फिरवण्याचा जोर) मात्र दोन्हीकडं ३८० न्यूटन मीटर. मोठा पॅक जास्त करंट सोसतो, एवढाच फरक.

तुझी गाडी १०५ किलोवॅट देते तेव्हा सव्वातीनशे व्होल्टच्या आसपासच्या पॅकमधून तीनशेच्या वर अँपिअर वाहतात. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट वीस टक्के वाढला की उष्णता चव्वेचाळीस टक्के वाढते, आणि ती सेलमध्ये, जोडपट्ट्यांमध्ये, फ्यूजमध्ये, इन्व्हर्टरमध्ये सगळीकडं. तुझ्या सॉकेटला लागू होतो तोच नियम, फक्त इथं वीसपट करंट आहे. ही मर्यादा मोडायची तर कुणाला तरी करंटच्या सेन्सरला खोटं बोलायला लावावं लागतं. मग बॅटरीवर पहारा ठेवणाऱ्या बीएमएसला खरा करंट कळत नाही, किती युनिट गेले हा हिशेब चुकतो आणि स्क्रीनवरची टक्केवारी भरवशाची राहत नाही. वेळे गावाजवळ वीस टक्के दिसत असताना गाडी आचके द्यायला लागली तर तुझा बूस्टवाला पुण्याहून येणार नाही.

परदेशात हे झालेलं आहे, आणि कसं झालं ते बघण्यासारखं आहे. २०१९ च्या डिसेंबरात टेस्लानं मॉडेल थ्रीच्या दोन मोटरवाल्या लाँग रेंजला दोन हजार डॉलरमध्ये सॉफ्टवेअर अपडेट दिलं. शून्य ते साठ मैल ४.४ सेकंदांवरून ३.९ वर आलं. पोलस्टार या कंपनीनं आपल्या पोलस्टार २ ला असंच ६८ हॉर्सपॉवरचं अपडेट विकलं. दोन्हीकडं हे कंपनीनं स्वतः केलं, तपासून केलं आणि वॉरंटी कायम ठेवून केलं. टेस्लाच्या बाबतीत तर गंमत अशी की त्याच गाडीचं महागडं परफॉर्मन्स व्हेरिएंट आधीपासून रस्त्यावर होतं. हार्डवेअर जवळपास तेच, म्हणून सॉफ्टवेअरनं सोडायला खरोखर काही शिल्लक होतं. कॅनडातल्या एका बाहेरच्या कंपनीनं तेच स्वस्तात देणारं मॉड्यूल काढलं. २०२० मध्ये टेस्लाच्या पुढच्या अपडेटनं ते ओळखलं आणि मॉड्यूल लावलेल्यांच्या स्क्रीनवर इशारा झळकला: गाडीत विसंगत बदल आढळला आहे, नुकसान होण्याची किंवा गाडी बंद पडण्याची शक्यता आहे. 'कुणाला कळत नाही' म्हणणाऱ्या तुझ्या माणसाला हे सांग. आजची गाडी सिमकार्ड घेऊन फिरते, कुठल्या क्षणी किती करंट गेला याची नोंद ठेवते. कपलर काढून डबा पिशवीत टाकलास तरी नोंद गाडीतच राहते.

तुझ्या मॉडेलचं जास्त ताकदीचं, तीच मोटर आणि तोच पॅक असलेलं व्हेरिएंट कंपनी विकते का? नसेल, तर सोडवून घ्यायला आत फार काही दडलेलं नाही असं धरून चाल. उद्या कंपनीनं स्वतः अपडेट आणलं तर खुशाल घे.

आणि ऐंशीच्या पुढं दम कमी वाटणं हा दोष नाही, मोटरचा स्वभाव आहे. ठरावीक वेगापर्यंत टॉर्क पूर्ण मिळतो, त्यानंतर ताकद स्थिर राहते आणि वेग वाढेल तसा टॉर्क उतरत जातो. त्यात एकच गियर. उलट हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीला जेवढा असतो त्याच्या दीडपटीहून जास्त शंभरला. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी रस्त्यावर कारला शंभरचीच मर्यादा आहे. म्हणजे तुझं भांडण फार तर ऐंशी ते शंभरमधल्या काही क्षणांशी आहे. त्यासाठी केवढी रक्कम!

कायद्याचं थोडक्यात सांगते. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे कंपनीचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ अ आलं: बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागं पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं मला फार वाटत नाही. अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरला पॅडलजवळ परका डबा दिसला, तर समोरच्या जखमी माणसाचा दावा कुणाच्या गळ्यात येईल याचा विचार कर.

आता पिवळ्या दिव्याकडं ये. 'तेवढं सोडलं तर' म्हणून तू तो बाजूला ठेवलास, पण तुझ्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर त्या दिव्यात आहे. यवतेश्वरच्या वळणावर तू पॅडल दाबतोस. गाडी चढावर आहे, त्यामुळं वजन मागं सरकलंय आणि पुढची चाकं हलकी झालीत. ओढणारी चाकं नेमकी तीच. रस्ता ओला, वळणावर डोंगरातून वाहून आलेली लाल माती. मोटरचा टॉर्क एका झटक्यात येतो आणि टायर सुटतो. ट्रॅक्शन कंट्रोलला ते कळतं, तो ताकद कापतो आणि दिवा लुकलुकतो. म्हणजे आहे तीच ताकद तुझी गाडी रस्त्यावर उतरवू शकत नाहीये, आणि तू तिला आणखी वीस टक्के द्यायला निघालास. त्या वीस टक्क्यांचं काय होईल? दिवा जास्त वेळ लुकलुकेल.

तुझ्या गाडीला पकड कमी पडते आहे. कंपनीनं दिलेले टायर बहुधा रेंजचा आकडा जमवण्यासाठी निवडलेले असतात. ते हलके फिरतात, रस्त्याला कमी चिकटतात, आणि ओल्या रस्त्यावर ते लगेच जाणवतं. पैसे इथं घाल. साइज कंपनीचीच ठेव, पण ओल्या रस्त्यावर चांगली पकड आणि चांगला ब्रेक देणारा टायर निवड, चारही एकदम बदल. लोड इंडेक्स मूळ टायरएवढा किंवा त्याहून जास्त हवा. ९५ लिहिलेला टायर ६९० किलो पेलतो, ९१ चा ६१५. बॅटरीमुळं जड झालेल्या गाडीला हा फरक मोठा आहे, आणि दुकानदार शिल्लक माल गळ्यात मारताना हाच आकडा गाळतो. रेंज थोडी कमी होईल. त्या बदल्यात वळणावरून गाडी खरोखर लवकर उचलेल आणि ब्रेक मारल्यावर आधी थांबेल. डब्याच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा हा बदल तुला पायाखाली जास्त जाणवेल.

नवे टायर आल्यावर सातारा-कास रस्त्यावर एकदा चालव आणि वळणावर पॅडल जरा उशिरा, स्टिअरिंग सरळ होत आल्यावर दाब. दिवा लुकलुकणं बरंच कमी होईल. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना बघायचा. पंपावर नायट्रोजनचे पैसे मागतील; साध्या हवेत तो अठ्ठ्याहत्तर टक्के असतोच, आपण तो जन्मापासून फुकट घेतोय.

टायर बसवताना दुकानाबाहेर चहा पीत बसू नकोस, गाडीजवळ उभा राहा. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली बॅटरीचा सपाट ट्रे असतो. सवयीनं पोऱ्या ट्रॉली जॅक मधोमध सरकवतो आणि दांडा मारायला लागतो. ट्रेला पोचा पडला तर आतल्या कूलिंगच्या नळीचं काय झालं हे बाहेरून दिसत नाही आणि कंपनी वॉरंटीच्या बाबतीत हात वर करते. जॅक फक्त दोन्ही कडांना, दारांखालच्या पट्टीवर खुणा असतात तिथं लागतो, तोही रबराचा ठोकळा ठेवून. मॅन्युअलमधलं ते पान मोबाइलवर फोटो काढून ठेव आणि त्या मुलाला दाखव. बहुतेक पोरं ऐकतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं इतकंच.

मग १८ इंची अलॉयचं काय? दिसतात झकास, यात वाद नाही. पण नाकापेक्षा मोती जड. तुझ्या वर्गातल्या गाडीला साधारण २१५/६० आर १६ टायर येतो. त्याच्या कडेची उंची १२९ मिलिमीटर. बाहेरचा घेर तोच ठेवून १८ इंचावर २२५/४५ बसवलास तर कड १०१ मिलिमीटर उरते. कमी झालेलं रबर म्हणजे खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामधली गादी. शेंद्रे कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांनी त्या बाजूच्या रस्त्यांचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. शिवाय स्वस्तातलं मोठं अलॉय वजनाला जड असतं आणि ते वजन फिरणारं. वेग घेताना तेही फिरवावं लागतं. म्हणजे वेगासाठी घेतलेल्या चाकानं गाडी सुस्त होते. रेंजचं म्हणशील तर टेस्लानं २०२४ च्या मॉडेल थ्री लाँग रेंजसाठी अमेरिकेत १८ इंची चाकांवर ३४१ मैल सांगितले आणि १९ इंचीवर ३०५. कंपनीनं स्वतः केलेल्या चाकांत एका इंचानं एवढा फरक, तर दोन इंचांनी काय होईल? चाकच बदलायचं असेल तर १६ इंचातच मूळपेक्षा हलकं, चांगल्या कंपनीचं अलॉय शोध. विकत घेण्याआधी वजनकाट्यावर ठेवायला सांग. दुकानदार हसेल, हसू दे.

खाली बसवणाऱ्या स्प्रिंगला माझा साफ नकार आहे. डिझेल गाडीच्या पोटाला गतिरोधक घासला की एक्झॉस्टचा पाइप वाकतो, हिच्या पोटाला घासला तर बॅटरी. आपल्या गावागावांतले गतिरोधक कोण कुठल्या मापानं घालतं हे देवालाच ठाऊक, त्यात दीड इंच म्हणजे पावणेचार सेंटिमीटर तू स्वतःच्या हातानं देऊन टाकणार.

ब्रेक पॅडचं मात्र तुला नवल वाटेल. परफॉर्मन्स पॅड तापल्यावर चांगले धरतात, ट्रॅकवर म्हणूनच लावतात. तुझ्या गाडीत बहुतेक वेळा मोटरच वेग कमी करते, खरे ब्रेक क्वचित लागतात आणि थंडच राहतात. थंड परफॉर्मन्स पॅड मूळ पॅडपेक्षा कमी धरतो. म्हणजे रोजच्या वापरात जास्त पैसे देऊन कमी ब्रेक. तुला काळजी वेगळ्या गोष्टीची करायला हवी: ब्रेक कमी वापरल्यामुळं पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून, दोन-चार वेळा जोरात ब्रेक मारून डिस्क घासून काढत जा. ब्रेक ऑइल कंपनीनं सांगितलेल्या मुदतीत बदल. ते वापरावर नाही, काळावर खराब होतं.

घाटाचं एक लक्षात ठेव. वाईहून पाचगणी चढताना साधारण साडेपाचशे मीटर उंची येते, त्यात माणसांसकट तुझ्या गाडीची अडीचएक युनिट वीज नुसती चढायला जाते. उतरताना त्यातली निम्म्याहून जास्त परत मिळू शकते, पण बॅटरीत जागा असेल तरच. पाचगणीत हॉटेलवर रात्रभर शंभर टक्के चार्ज करून सकाळी उतरायला लागलास तर मोटरला वीज ठेवायला जागा नसते, गाडी नेहमीसारखी मंदावत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वर मुक्काम असेल तर ऐंशी-पंच्याऐंशीवर थांब.

पैशाचं मला असं दिसतं: चार्जिंगची लाइन आणि अर्थिंग आधी, चार चांगले टायर आणि अलाइनमेंट त्यानंतर. भिशीतले निम्म्याहून जास्त पैसे तरीही उरतील. वडिलांनाही सांग की टायर आणि वायरिंग म्हणजे गाडीला हात लावणं नव्हे. उरलेल्यातून काय करायचं हे तुम्ही नवरा-बायको ठरवा, पण थोडी रक्कम तुझ्या शिवशिवणाऱ्या हातांसाठी ठेव. कोल्हापूरजवळ हुपरीला मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, देशपातळीवरच्या शर्यती तिथं झाल्यात. फोन करून वेळ ठरव आणि बायकोलाही घेऊन जा. जमिनीपासून बोटभर उंचीवर बसून वळण घेताना टायर कुठं सुटतो ते पाठीला कळतं, आणि ते ज्ञान यवतेश्वरला कामाला येतं. त्याहून मोठी हौस असेल तर कोईमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, पण तिथं स्वतःची नवी गाडी नेण्याआधी वॉरंटीची आणि विम्याची कलमं वाच. ट्रॅकवरचं नुकसान विम्यात सहसा बसत नाही.

पुण्याच्या माणसाशी भांडू नकोस, त्याला फक्त दोन गोष्टी कोटेशनवर लिहून सही करून मागून बघ. एक, पॅडल पूर्ण दाबलेलं असताना मॉड्यूल लावून आणि काढून शून्य ते शंभरची मोजलेली वेळ. दोन, त्याच्या डब्यामुळं बॅटरीची वॉरंटी गेली तर नुकसान कोण भरणार. उत्तर आलं तर मला पाठव, याच सदरात छापेन.

तुझी,
ताई